पांढरीतली माणसे

मातीची भाजलेली मूर्ती सापडते ती पांढरीत. मराठवाड्यातल्या गावाची जमीन काळी आणि पांढरी अशी दोन नावांनी ओळखली जाते. पिकते ती काळी, वस्ती असते ती पांढरी. एकाच जागी हजार-दोन हजार वर्षे माणसे नांदली, की पडलेल्या भिंती, चुलीतली राख, शेण, हाडे आणि फुटकी मडकी यांचे थरावर थर चढत जातात आणि गावाखाली टेकाड तयार होते. ही माती राखेमुळे फिकट, भुसभुशीत आणि खतासारखी कसदार होते. म्हणून शेतकरी पिढ्यानपिढ्या उन्हाळ्यात गाड्या भरभरून ती शेतात टाकत आले. तिच्याबरोबर मणी, नाणी आणि बांगड्यांचे तुकडे गेले, आणि वीतभरही उंची नसलेली मातीची माणसेही गेली. कुणाचे नुसते डोके, कुणाचे धड, कुठे घोड्याच्या पाठीवर उरलेली स्वाराची एक मांडी. पुरातत्त्वाच्या पुस्तकांत त्यांना मृण्मूर्ती किंवा टेराकोटा म्हणतात.

नकाशावर पाहिले, तर परभणी जिल्हा या मूर्तींच्या प्रदेशात मधोमध येतो. वरच्या अंगाला गोदावरीकाठी पैठण आहे, म्हणजे सातवाहन राजांचे प्रतिष्ठान. तिथली गोदावरीच पुढे पाथरी, सोनपेठ, गंगाखेड, पालम आणि पूर्णा या तालुक्यांतून वाहते. जालना जिल्ह्यातले भोकरदन केळणेच्या काठी आहे. केळणा पूर्णेला मिळते आणि पूर्णा परभणी जिल्ह्यात येऊन गोदावरीला मिळते. नेवासे प्रवरेवर आहे आणि प्रवराही गोदावरीचीच उपनदी. दक्षिणेला धाराशिव जिल्ह्यातले तेर तेरणेच्या काठी आहे. तेरणेचे पाणी मांजरेतून फिरून शेवटी गोदावरीतच येते. पैठण, भोकरदन, नेवासे आणि तेर या चारही ठिकाणच्या मूर्ती शेजारी मांडल्या, तर चेहऱ्यांची ठेवण, केसांची मांडणी आणि माती हाताळण्याची रीत यांत सारखेपणा दिसतो. इ.स.पू. दुसऱ्या शतकापासून इ.स. तिसऱ्या शतकापर्यंत हा सगळा भाग एका राजकीय आणि व्यापारी जाळ्यात होता, त्याची खूण या मातीत राहिली आहे.

त्या जाळ्याचे वर्णन एका परक्या माणसाने लिहून ठेवले आहे. इ.स. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक भाषेतल्या सागरी मार्गदर्शिकेत पैठण आणि तगर या दक्षिणेतल्या दोन मोठ्या बाजारपेठा सांगितल्या आहेत. भडोचहून दक्षिणेला वीस दिवसांच्या वाटेवर पैठण आणि तिथून पूर्वेला दहा दिवसांवर तगर. पैठणहून रंगीत पट्ट्यांचे दगड आणि तगरहून कापड गाड्यांतून भडोच बंदराकडे जाई. हे तगर म्हणजेच तेर, हे जे. एफ. फ्लीट यांनी १९०१ मध्ये मांडले. भोकरदनचे जुने नाव भोगवर्धन. भारहूत आणि सांची इथल्या स्तूपांवरच्या शिलालेखांत भोगवर्धनचे दाते नावानिशी आढळतात. आज तालुक्याची साधी गावे वाटणारी ही ठिकाणे त्या काळी परदेशातही ठाऊक होती.

या मूर्तींचा अभ्यास जमला तो तुकड्या-तुकड्यांनी. अभ्यासाच्या सुरुवातीला मराठवाडा निजामाच्या राज्यात होता. १९१४ मध्ये स्थापन झालेल्या त्या राज्याच्या पुरातत्त्व खात्याने १९३७ मध्ये पैठणला आणि १९४० नंतर तेलंगणातल्या कोंडापूरला खोदकाम केले. पुण्याच्या डेक्कन कॉलेजचे ह. धी. सांकलिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९५४ ते १९५६ या काळात नेवासे खणले. तेरचे १९५८ चे उत्खनन बी. एन. चापेकर यांचे, आणि त्याचा अहवाल १९६९ मध्ये निघाला. भोकरदनला शां. भा. देव आणि र. शं. गुप्ते यांनी १९७३ च्या सुमारास काम केले. नागपूर आणि मराठवाडा ही दोन विद्यापीठे त्यामागे होती.

पण तेरच्या मूर्ती आज ज्या संख्येने पाहायला मिळतात, त्याचे श्रेय कुठल्या खात्याला देता येत नाही. तेरचे रहिवासी रामलिंगप्पा लामतुरे यांनी टेकाडावर, शेतात आणि पावसानंतर ओघळीत उघडे पडणारे तुकडे वर्षानुवर्षे गोळा केले. कुणी फेकलेले उचलले, कुणाकडचे मागून आणले. त्या हजारो वस्तूंतून तेरचे शासकीय वस्तुसंग्रहालय उभे राहिले आणि त्याला त्यांचेच नाव आहे. उत्खननात वस्तू कुठल्या थरात मिळाली याची नोंद होते. वेचून जमवलेल्या वस्तूला ती जोड नसते, ही अशा संग्रहाची अडचण. तरी लामतुरे नसते, तर यातली बहुतेक माणसे ज्वारीच्या मुळाशी विरून गेली असती, हेही तितकेच खरे.

मातीच्या मूर्तींची परंपरा सातवाहनांहून खूप जुनी आहे. पुणे जिल्ह्यात घोड नदीच्या काठी इनामगाव आहे. तिथे १९६८ पासून पंधरा वर्षे डेक्कन कॉलेजचे उत्खनन चालले आणि ताम्रपाषाणयुगातले एक खेडेच उजेडात आले. एका घराच्या जमिनीखाली मातीची लांबट गोल पेटी मिळाली. पेटीत आणि तिच्या झाकणावर मिळून दोन स्त्रीमूर्ती आणि एक बैल होता. स्त्रीमूर्तींतल्या एकीला डोके नव्हते. बिनडोक्याच्या मूर्तीच्या पोटाला आणि बैलाच्या पाठीला भोक होते. दोन्हींत काडी घातली, की स्त्री बैलावर नीट बसते. काळ इ.स.पू. तेराव्या शतकाच्या आसपासचा. नवलाची गोष्ट अशी, की या मूर्ती भाजलेल्या नाहीत, नुसत्या वाळवलेल्या आहेत. त्या काळच्या कुंभारांना भाजता येत नव्हते असे नाही. त्याच गावात उत्तम भाजलेली, रंगवलेली, जोर्वे या नावाने ओळखली जाणारी मडकी ढिगाने मिळतात. म्हणजे कच्चेपणा मुद्दाम राखलेला. पार्थिव गणपती कच्च्या मातीचाच करायचा आणि पाण्यात विरघळवायचा, ही रीत ज्यांच्या घरी आहे, त्यांना यात फार अनोळखी काही वाटणार नाही.

सातवाहन काळात आल्यावर मात्र मूर्ती भाजलेल्या मिळतात आणि मोठ्या संख्येने मिळतात. त्या कशा घडल्या हे समजायचे, तर सुरुवात मातीपासून करावी लागते.

परभणीच्या शेतातली काळी माती कापसाला उत्तम, पण कुंभाराला नुसती तशी चालत नाही. बेसाल्ट झिजून झालेल्या या मातीतले खनिज पाणी पिऊन फुगते आणि वाळले की आकसते. चैत्र-वैशाखात रानाला पडणाऱ्या हातभर खोल भेगा त्यामुळेच पडतात. अशा मातीची मूर्ती केली, तर आव्यात, म्हणजे कुंभाराच्या भट्टीत, जाण्याआधीच ती तडकते. दुसरा शत्रू चुनखडी. काळ्या रानात पांढरे खडे असतात. त्यांतला एखादा वाटाण्याएवढा खडा मातीत राहिला, तर भाजताना त्याचा कळीचा चुना होतो. मग हवेतला ओलावा शोषून तो फुगतो आणि आठवड्या-पंधरवड्याने मूर्तीच्या गालावरून खपली उडते. म्हणून कुंभार नदीकाठचा किंवा तळ्यातला गाळ घेतो, सुकवून कुटतो, चाळतो आणि त्यात राख, घोड्याची लीद किंवा बारीक भुसा मिसळतो. ही भर मातीचा आकस कमी करते. शिवाय लीद आणि भुसा भाजताना जळून जातात आणि त्यांच्या जागी सूक्ष्म पोकळ्या राहतात, त्यातून वाफेला वाट मिळते. जुन्या मूर्तीची मोडलेली कड भिंगाखाली धरली, तर जळून गेलेल्या भुशाचे काडीकाडीचे ठसे आजही मोजता येतात.

सातवाहन काळातल्या कारागिरांनी आणखी एक माती वापरली आणि तिने या प्रदेशाच्या मूर्तींना वेगळी ओळख दिली. ती म्हणजे केओलीन, पांढरी चिकणमाती. चिनी मातीच्या भांड्यांत जी मुख्य माती असते तीच ही. तिच्यात लोह फार थोडे असते, म्हणून भाजल्यावर ती लाल न होता पांढरी किंवा दुधाळ राहते. तिचे कण बारीक असतात, त्यामुळे पापणीची कड किंवा माळेतला एकेक मणी तिच्यात स्पष्ट उमटतो. बेसाल्टाच्या काळ्या रानात ही माती सहसा मिळत नाही. ती जांभ्याच्या थराखाली किंवा ग्रॅनाइटाच्या प्रदेशात सापडते. गावच्या गाळासारखी ती घराशेजारून खणून आणता येत नव्हती. जो कारागीर तिच्यात काम करी, तो कच्चा माल मिळवण्यासाठी वेगळी खटपट करी आणि त्याच्या मालाला तशी मागणीही असे.

घडवण्याच्या रीती मुख्यतः दोन, हाताची आणि साच्याची. हाताची रीत सर्वांत जुनी आणि आजही मोडलेली नाही. मातीची एक वळी म्हणजे धड, चार आखूड वळ्या म्हणजे पाय. चिमटीने माती वर ओढली की वशिंड, दोन बोटांत दाबली की नाक. डोळ्यासाठी मातीची बारीक गोळी चिकटवायची आणि काडीने मध्ये टोचायची. मडके घडवणारे चाक इथे कामाचे नाही, कारण चाकावर गोल आकार निघतो आणि बैल काही गोल नसतो. हाताने केलेल्या दोन मूर्ती कधी एकसारख्या होत नाहीत. त्यांवर बोटांच्या रेषाही उमटून राहतात आणि भाजल्यावर कायम होतात. अशा ठशांच्या रेषांमधले अंतर मोजून करणारा हात मुलाचा की मोठ्या माणसाचा, याचा अंदाज संशोधक बांधतात.

साच्याची रीत वेगळी. तिच्यात कौशल्य मूर्तीत नसते, साच्यात असते. कसबी कारागीर आधी एक मूळ मूर्ती घडवतो. तिच्यावर ओल्या मातीचा जाड थर दाबतो, किंचित घट्ट झाल्यावर उचलून काढतो, वाळवतो आणि भाजतो. हा झाला साचा: नाकाच्या जागी खळगा आणि डोळ्याच्या खोबणीच्या जागी उंचवटा. मग कुणीही, अगदी घरातले पोरही, त्यात मातीचा लगदा अंगठ्याने दाबू शकते. भाजलेला साचा ओल्या मातीतले पाणी शोषतो, माती आकसते आणि आपोआप साच्यापासून सुटते. एका साच्यातून एका दिवसात कितीतरी चेहरे निघतात. अशा मूर्तीची पुढची बाजू नेटकी असते, पण पाठ सपाट किंवा ओबडधोबड असते आणि त्या पाठीवर दाबणाऱ्या अंगठ्याचे खळगे असतात. संग्रहालयात मूर्ती भिंतीला पाठ टेकवून ठेवतात, त्यामुळे पाहणाऱ्याला ही बाजू दिसत नाही. अभ्यासकाचे लक्ष मात्र आधी तिकडेच जाते.

या आकसण्यातून एक गमतीची गोष्ट होते. माती वाळताना आणि भाजताना मिळून साधारण दहा टक्के लहान होते. समजा, एखाद्या कारागिराकडे मूळ साचा नाही, पण दुसऱ्याने काढलेली मूर्ती आहे. त्याने तिच्यावरूनच नवा साचा केला. साचा भाजताना आकसला, त्यातली मूर्ती आणखी आकसली. या नकलेवरून पुन्हा नक्कल झाली, तर ती त्याहून लहान, आणि दर पिढीला चेहरा जरासा पुसट. म्हणून एकाच घडणीच्या लहान-मोठ्या मूर्ती हाती आल्या, तर कोणती आधीची आणि कोणती नकलेची नक्कल, हे नुसत्या मापावरून लावता येते.

तेर, पैठण, भोकरदन आणि नेवासे इथल्या कारागिरांनी गाठलेली पुढची पायरी म्हणजे दुहेरी साचा. त्यात पुढच्या अंगाचा एक साचा आणि मागच्या अंगाचा दुसरा. दोन्हींत मातीची पातळ पोळी दाबायची, मध्ये पोकळी ठेवायची. कडा काडीने खरवडायच्या, त्यांना पातळ चिखलाचा घोळ लावायचा आणि दोन्ही अर्धे भाग एकमेकांवर दाबून ठेवायचे. थोड्या वेळाने साचे उतरवले, की सगळीकडून गोल, आतून पोकळ मूर्ती मिळते. कानामागून खांद्यावरून खाली जाणारी जोडाची रेघ ओल्या फडक्याने पुसायची किंवा सुरीने तासायची. पेणच्या किंवा घराजवळच्या गणपतीच्या कारखान्यात दोन भागांच्या साच्यातून मूर्ती निघताना ज्यांनी पाहिली आहे, त्यांनी ही रीत पाहिलेलीच आहे. साचे आता रबराचे झाले, पण शिवण तासणारा हात तसाच फिरतो.

मूर्ती पोकळ ठेवण्यामागे काटकसर होतीच, विशेषतः केओलीनसारख्या दुर्मिळ मातीत. पण खरे कारण विस्तवाचे. जाड, भरीव गोळ्याच्या पोटातले पाणी वाळवूनही पूर्ण जात नाही. शंभर अंशांवर त्याची वाफ होते आणि ती पाण्याच्या सुमारे १,६०० पट जागा मागते. वाट नसेल, तर मूर्ती आव्यात फुटते. पातळ भिंतीची पोकळ मूर्ती मात्र सगळीकडून सारखी वाळते. तिच्या पोटातल्या हवेलाही तापल्यावर बाहेर पडायला जागा हवी, म्हणून अशा मूर्तींना तळाशी, पाठीला किंवा डोक्यावर एखादे भोक ठेवत. संग्रहालयात मूर्तीच्या पाठीतले भोक पाहून ते टांगण्यासाठी असेल असे अनेकांना वाटते. काही वेळा ते तसे असतेही, पण बहुतेक वेळा ती वाफेची वाट असते.

हा दुहेरी साचा इथे आला कुठून? भारतीय पुरातत्त्व सर्वेक्षणाचे पुढे महासंचालक झालेले म. न. देशपांडे यांनी तेरच्या मूर्तींचा अभ्यास करून त्यांत ग्रीक-रोमन वळण दाखवले. रोमन जगात दोन भागांच्या साच्यातून पोकळ मूर्ती आणि दिवे काढण्याची रीत रुळलेली होती आणि तेरला रोमन व्यापाराच्या खुणा भरपूर आहेत. रोमन नाण्यांवरच्या छापांची मातीची पदके इथे आणि कोंडापूरला मिळाली आहेत, गळ्यात घालण्यासारखी. तेर आणि भोकरदन इथल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तींच्या जातीची एक मूर्ती थेट इटलीत सापडली आहे. व्हेसुव्हियसच्या राखेखाली इ.स. ७९ मध्ये गाडल्या गेलेल्या पाँपेईत ती १९३८ मध्ये मिळाली. माल एवढा फिरत होता, तर हुन्नर फिरला असणे साहजिकच. पण साचा रोमन म्हणून मूर्तीही रोमन, असे म्हणता येत नाही. तेरच्या बाईचा अंबाडा, कानांतली जड कुंडले आणि कोपरापर्यंत चढलेल्या बांगड्या इथल्याच आहेत. अजिंठ्याच्या जुन्या लेण्यांत आणि कार्ल्याच्या दर्शनी भिंतीवर दगडात कोरलेल्या जोडप्यांत त्यांची सख्खी भावंडे दिसतात.

साच्याचा शोध लागायला बाहेरची शिकवण लागतेच असेही नाही, हे मेक्सिकोकडे पाहिले की कळते. तिथल्या तेओतिवाकान या प्राचीन महानगरात मातीच्या लहान मूर्ती आधी हाताने होत. पुढे इ.स. तिसऱ्या-चौथ्या शतकाच्या सुमारास साचा आला आणि मूर्ती हजारोंनी निघू लागल्या. जुन्या जगाशी त्या शहराचा काहीही संबंध नव्हता. मागणी वाढली, की माती हाताळणारा माणूस आपोआप साच्याकडे वळतो, असे यावरून दिसते. याहून मोठे आश्चर्य म्हणजे अमेरिकेतल्या त्या संस्कृतींना कुंभाराचे चाक ठाऊकच नव्हते. सारी मडकी ते हाताने वा साच्याने करीत. तरी व्हेराक्रूझ भागात मातीची चाके लावलेली कुत्र्यांसारखी खेळणी मिळाली आहेत. चाक खेळण्याला लावले, मडक्याला आणि गाडीला नाही.

साच्यातून निघालेली मूर्ती तशीच भाजायला जात नसे. इथे पुन्हा हात येतो. साच्यातल्या चेहऱ्यावर काडीने बुबुळ कोरायचे, केसांच्या रेघा ओढायच्या, मातीच्या बारीक गोळ्या चिकटवून मोत्यांचा सर करायचा, पोकळ काडीच्या टोकाने दाबून गोल नक्षी उठवायची. सातवाहन मूर्तींतली केशरचना हा स्वतंत्र लेखाचा विषय होईल. मध्यभागी भांग आणि त्यावर पदक, दोन्ही बाजूंना फुगवलेले केस, मागे वेणी किंवा एका बाजूला झुकलेला बुचडा, त्यावर फुले. यांतला पुष्कळसा भाग साच्यात आधीच असे, पण शेवटचा हात मारला की एकाच साच्यातल्या दोन बायका वेगळ्या दिसत. अर्धवट वाळल्यावर गुळगुळीत गोट्याने घासून अंगाला झिलई आणत आणि लोहयुक्त लाल मातीच्या पातळ घोळात बुडवून वर रंग चढवत.

मग आवा. कुंभाराची भट्टी म्हणजे पक्के बांधकाम असे नाही. गोवऱ्या, काटक्या, भुसा आणि माल यांचे थर रचायचे आणि वरून खापरे व राख यांनी झाकायचे, एवढ्यानेही काम भागते. अशा आव्यात सातशे-आठशे अंशांपर्यंत ताप जातो. सुमारे पाचशे अंशांच्या पुढे मातीच्या खनिजात बांधलेले पाणी निघून जाते आणि तिथून मागे फिरणे नाही. एवढी तापलेली माती पुन्हा पाण्यात विरघळत नाही. आव्यात हवा खेळती राहिली, की मातीतले लोह गंजासारखे लाल होते. हवा कोंडली, की तीच माती काळी किंवा करडी निघते. मोडक्या मूर्तीच्या कडेत बाहेर लाल आणि गाभ्यात काळी पट्टी दिसली, तर विस्तव घाईने उरकला, ताप आतपर्यंत पोचला नाही, असे समजावे.

मडके नीट भाजले की नाही हे कुंभार आवाजावरून ओळखतो. थापटण्याने हलकेच मारले, की पक्के टणकन वाजते आणि कच्चे बद वाजते. वारकरी संप्रदायातली सर्वांत गाजलेली परीक्षा हीच, आणि ती घेणारे गोरोबाकाका तेरचेच. जमलेल्या संतांच्या डोक्यांवर त्यांनी थापटणे मारून पाहिले आणि नामदेवांना कच्चे मडके ठरवले, अशी कथा आहे. नामदेवांचे नरसी आज हिंगोली जिल्ह्यात आहे. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा होईपर्यंत ते परभणी जिल्ह्यातच मोडे, त्यामुळे त्या कथेत थापटणे तेरचे आणि डोके परभणीचे, असे म्हणायला हरकत नाही. गोरोबा तेराव्या शतकातले. म्हणजे तेरच्या केओलीनच्या मूर्ती त्यांच्याही काळी हजार वर्षे जुन्या होत्या आणि त्यांच्या पायाखालच्या पांढरीत पडून होत्या.

आता या मूर्ती कुणाच्या? सर्वांत जास्त स्त्रियांच्या. नटलेल्या, उभ्या, कधी हातात फूल किंवा पक्षी, कधी कडेवर मूल. त्यांना सरसकट देवी म्हणण्याची सवय जुन्या अहवालांत आहे, पण प्रत्येक नटलेली बाई देवी कशी असेल? घोडेस्वार आहेत, हत्ती आहेत, मेंढे आहेत. फेटेवाले पुरुष आहेत, गुबगुबीत मुले आणि ढेरपोटे यक्षही आहेत. काही जनावरांच्या पायांना आडवी भोके असतात, त्यांत काडी घालून चाके लावायची आणि दोरीने ओढायचे. ती उघडच मुलांची. पण खेळणे आणि पूजेची वस्तू यांत आज जेवढी भिंत मानली जाते, तेवढी तेव्हा असेलच असे नाही. पोळ्याला पूजलेला मातीचा बैल दुसऱ्या दिवशी पोरांच्या हाती जातो, हे परभणीत कुणाला सांगावे लागत नाही.

एक प्रकार मात्र निःसंशय पूजेचा. पाय फाकवून बसलेली, डोक्याच्या जागी कमळ किंवा काहीच नसलेली ही देवी लज्जागौरी या नावाने ओळखली जाते. तिच्या तळहाताएवढ्या किंवा त्याहून लहान साच्यातल्या मूर्ती तेर, नेवासे, भोकरदन अशा अनेक ठिकाणी मिळाल्या. जन्म देणाऱ्या भूमीचे हे रूप मानले जाते. मराठीत रा. चिं. ढेरे यांनी १९७८ मध्ये तिच्यावर स्वतंत्र ग्रंथच लिहिला. इनामगावची बिनडोक्याची स्त्री आणि ही देवी यांत दीड हजार वर्षांचे अंतर आहे. दोघींना एका ओळीत बसवण्याचा मोह अभ्यासकांना वारंवार झाला आहे. साम्य डोळ्यांत भरते, पण मधल्या शतकांतले दुवे तुटक आहेत.

जवळजवळ सर्वच मूर्ती मोडक्या मिळतात. त्यांत मान तुटलेल्या सर्वांत जास्त, कारण ती सर्वांत बारीक. पोकळ मूर्ती बहुधा जोडाच्या रेघेवर उकलते. पाहणाऱ्याला वाईट वाटते, अभ्यासकाला मात्र मोडकी मूर्तीच उपयोगी पडते. सबंध मूर्ती फक्त चेहरा दाखवते. फुटलेली असेल, तर आतली भिंत दिसते, आणि त्या भिंतीवर साच्यात माती दाबणाऱ्या बोटांचे खळगे ओळीने उमटलेले असतात. घोळ कुठे लावला, पोळी कुठे पातळ झाली, घाई कुठे झाली, ते सारे तिथे वाचता येते. शेवटचा तापलेला क्षण कधीचा, हेही मातीच सांगते. भाजलेल्या मातीतले स्फटिक जमिनीतली किरणे साठवत राहतात आणि प्रयोगशाळेत पुन्हा तापवले, की तेवढा उजेड बाहेर टाकतात. त्यावरून वय काढता येते आणि बाजारात जुनी म्हणून विकली जाणारी नवी मूर्तीही पकडता येते.

सातवाहनांनंतर या कलेला उतार लागला. पाचव्या-सहाव्या शतकांनंतर दख्खनेत दगडी मंदिरे आणि दगडी मूर्ती यांवर राजाश्रय गेला आणि साच्यातल्या बारीक मूर्तींचे चलन ओसरले. केओलीनचा दुहेरी साचा तर पार विस्मरणात गेला. हाताची रीत मात्र गावच्या कुंभारवाड्यात टिकली, कारण तिला राजाची गरज नव्हती. श्रावणी अमावास्येला पोळा येतो, त्याच्या आधी परभणी, जिंतूर, सेलू, गंगाखेडच्या बाजारांत मातीच्या बैलजोड्या मांडलेल्या असतात. साच्यातले, प्लास्टर ऑफ पॅरिसचे चकचकीत बैल त्यांत आता पुष्कळ दिसतात. पण शेजारीच एखाद्या पाटीत हाताने केलेले, न भाजलेले, वशिंडाला चिमटीचा दाब असलेले बैलही असतात. इनामगावच्या पेटीवरचा बैल त्या पाटीत ठेवला, तर चटकन वेगळा काढता येणार नाही.

शेत नांगरताना किंवा घराचा पाया खणताना पांढरीत अशी वस्तू निघाली, तर काय करायचे, याचा कायदा आहे. १८७८ च्या निखात निधी कायद्यानुसार जमिनीत सापडलेली दहा रुपयांहून जास्त किमतीची वस्तू जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते. १९७२ च्या पुरावस्तूविषयक कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी मातीची मूर्ती ही पुरावस्तू ठरते, तिची नोंदणी करावी लागते आणि ती खासगीरीत्या परदेशी नेता येत नाही. त्याहून महत्त्वाचे म्हणजे सापडलेली मूर्ती घासून धुऊ नये. दोन हजार वर्षांपूर्वीचा लाल घोळ ओल्या फडक्याने एका मिनिटात निघून जातो. ती जिथे मिळाली ती जागा, खोली आणि आजूबाजूची खापरे यांची नोंद मूर्तीसोबत राहिली, तरच तिचा काळ नीट लावता येतो. तेरला लामतुरे संग्रहालयात आणि पैठणला बाळासाहेब पाटील संग्रहालयात या मूर्ती काचेआड मांडलेल्या आहेत. परभणीहून दोन्हींपैकी कुठेही एका दिवसात जाऊन येता येते. तिथे चेहरे पाहून झाल्यावर कपाटाच्या कडेने वाकून मूर्तींच्या पाठी पाहाव्यात. शिवण, भोक आणि अंगठ्याचे ठसे तिकडेच असतात.